शंका-समाधान : चार आणि तीन मिळून पाच कसे?

प्रश्न : होडी शिंदखेड्याकडच्या काठावरून तापी ओलांडून शिरपूरच्या बाजूला येते. होडीचा वेग ताशी ४ किमी, प्रवाहाचा ३. सर म्हणतात, एकूण वेग ५. मग ७ का नाही?
– अकरावी विज्ञान, शिरपूर

उत्तर : दोन्ही वेग एकाच दिशेला असते तर ७ च आले असते, अगदी समोरासमोर असते तर १. पण इथे तापी पश्चिमेला वाहते आणि होडीचं नाक उत्तरेला आहे. वेग म्हणजे सदिश (माप आणि दिशा दोन्ही असलेली, बाणाने दाखवून मिळवायची राशी), म्हणून बेरीज करताना दिशाही धरावी लागते. कागदावर उत्तरेकडे ४ सेंमीचा बाण काढा. त्याच्या टोकापासून पश्चिमेकडे ३ सेंमीचा बाण काढा. आता पहिल्या बाणाच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढा. ती ५ सेंमी भरेल आणि उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ३७ अंश कललेली असेल. नुसतं '५' लिहिलंत तर उत्तर अर्धंच. दिशा लिहायलाच हवी.

पात्र ४०० मीटर रुंद धरलं तर पुढची चूक ठरलेली: पलीकडे जायचा वेळ काढताना ४०० मीटरला ताशी ५ किमीने भागायचं. होडी तिरपी जाते, तिची वाट ५०० मीटरची होते. पलीकडे नेण्याचं काम फक्त उत्तरेकडचा ४ चा वेग करतो, म्हणून वेळ ६ मिनिटं, आणि तेवढ्यात होडी ३०० मीटर खाली वाहत जाते. बरोबर समोर लागायचं असेल, तर नाक उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ४८.६ अंश वळवावं लागेल (साइन ३/४). मग उरलेला वेग ताशी २.६५ किमी, वेळ जवळपास ९ मिनिटं. प्रवाहच ताशी ४ किमी किंवा त्याहून जास्त असेल, तर कुठलाही कोन धरून समोर लागता येणार नाही.

प्रश्न : काळ्या मातीत रुतलेली गाडी दोन दोरांनी ओढली. बलं ४०० आणि ३०० न्यूटन, मधला कोन ६० अंश. माझं उत्तर ३६१ येतं, पुस्तकात ६०८ आहे.
– अकरावी, सावदा

उत्तर : तुम्ही त्रिकोणाचं कोसाइन सूत्र, म्हणजे वजा चिन्हाचं, घेऊन त्यात ६० घातलेत. दोन्ही शेपटं एका बिंदूत असताना मधला कोन ६० आहे. पण टोकाला शेपूट जोडून त्रिकोण केला की आतला कोन १२० होतो, गोंधळ तिथेच होतो. एकतर वजाच्या सूत्रात १२० घाला, नाहीतर समांतरभुज चौकोनाचं अधिक चिन्हाचं सूत्र घेऊन ६० घाला:

४००² + ३००² + २ × ४०० × ३०० × ०.५ = ३,७०,०००

वर्गमूळ ६०८ न्यूटन. तुमचे ३६१ हे चौकोनाच्या दुसऱ्या कर्णाचं माप, म्हणजे दोन बलांच्या वजाबाकीचं. बेरजेचा कर्ण नेहमी दोन्ही शेपटं जिथे आहेत त्या कोपऱ्यातून निघतो.

दिशेसाठी घटक करा, म्हणजे प्रत्येक बलाचे क्ष आणि य अक्षांवरचे भाग वेगळे काढा. ४०० चा दोर क्ष-अक्षावर ठेवला तर क्ष घटक ४०० + १५० = ५५०, य घटक २६०. टॅन सुमारे ०.४७, कोन २५ अंश. मोठ्या बलाकडे झुकलेला आहे, म्हणजे उत्तर पटण्यासारखं. एकदा १ सेंमीला ५० न्यूटन धरून ८ आणि ६ सेंमीची आकृती काढाच. कर्ण १२.२ सेंमी भरतो.

घरी कॅल्क्युलेटर वापरत असाल तर आधी कोस ६० दाबून पाहा. ०.५ आलं नाही तर तो अंशांवर नाही. तसंच क्ष घटक ऋण असला की उलटा टॅन फसवतो. वरच्या होडीला पूर्व धन धरून (−३, ४) घातलं तर −५३ अंश येतात, खरा कोन १२७. त्यात १८० मिळवायचे. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तेव्हा ३०, ४५, ६० च्या किमती पाठच हव्यात.

प्रश्न : विद्युतधारेला दिशा असते, तरी ती अदिश का?
– बारावी, साक्री

उत्तर : दोन तारांतून ३ आणि ४ अँपिअर एका सांध्यात आले की तिसऱ्या तारेतून ७ च बाहेर पडतात, तारा कुठल्याही कोनात वाकवा. समांतरभुज चौकोनाचा नियम तिथे लागूच होत नाही, म्हणून ती अदिश.