तो ठोसा दाराला होता की स्वतःला?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. भाऊ प्यायला की भांडण उकरून काढतो, आईच्या अंगावर ओरडतो, मागच्या महिन्यात दारावर ठोसे मारून हात सुजवून घेतला, वर 'मी नसलेलाच बरा' म्हणाला आणि सकाळी 'तुम्ही पण काय सिरियसली घेता' म्हणून हसला. तू त्याच्या नावाने ऑनलाइन टेस्ट भरलीस, 'डार्क ट्रायड' हाय आलं, आणि आता विचारतेस की हे नाटक आहे का खरंच जिवाचं काही करून घेईल.

आधी ती टेस्ट सोड, रागात दुसऱ्याने भरलेल्या टेस्टला काय अर्थ! 'डार्क ट्रायड' हे नाव पॉलहस आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये रूढ केलं, मी म्हणजे कोण हा तोरा, डाव टाकणं आणि दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं, असे तीन कल. हे आजाराचं निदान नव्हे. आणि तिन्हींचा धोकाही सारखा नसतो. थंड डोक्याने डाव टाकणारा वेगळा, पण तिसऱ्या कलासोबत बऱ्याचदा मनात आलं की करून मोकळं हा जो उतावळेपणा असतो ना, स्वतःला इजा, मारामारी आणि दारू या तिन्हींशी जास्त करून तोच जोडलेला सापडतो. त्यात दारू पोटात गेली की होता नव्हता तो ब्रेकही जातो.

म्हणून ते दार आठव. तो ठोसा दाराला होता की स्वतःला? मला विचारशील तर दोन्ही. धमकी देऊन आपलं खरं करून घेणारा माणूसही प्यायल्यावर एका क्षणात भलतंच करून बसू शकतो, त्यामुळे घरच्यांचं 'लक्ष वेधून घेतोय' मला अजिबात पटत नाही.

तो शुद्धीत असताना, एकटा गाठून सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने डोक्यात खूळ भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, इजा होईल असं काही हाताशी ठेवू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे न्या. रोज पीत असेल तर दारू एकदम तोडायला लावू नका हं, फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि प्यायलेला असताना वाद नको. अंगावर आला तर आईला घेऊन बाहेर पड, मदत बोलव, त्याला त्रास आहे म्हणून तुम्ही मार खायचा नसतो. 'पैसे दे नाहीतर बघ' म्हणाला तर पैसे नाही, चल डॉक्टरकडे, एवढंच बोल. नाहीच आला तर तू जा आणि मला लिहिलंस ते जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेव.