लहान मुलांचं इमेजिंग ट्रेनिंग: देणगीचं सोनोग्राफी मशीन घ्यायच्या आधी वाचा

ताई, अक्कलकोट साईडच्या ट्रस्टच्या दवाखान्याला कुणीतरी पोर्टेबल सोनोग्राफी मशीन देतंय आणि त्यावर नर्स-टेक्निशियनना लहान मुलांचं ट्रेनिंग द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून आमचंच प्रकरण आठवलं, म्हणून लिहायलोय. वर्ग कसे घ्यायचे ते तुम्हाला येतच असेल, ते सोडा.

'फक्त बाळांसाठी आहे' हे पीसीपीएनडीटीत (गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा) चालत नाही. गर्भ दिसू शकतो असं मशीन म्हटलं की नोंदणी आली, मग ते विकतचं असो की फुकटचं. आम्ही अर्ज केला तर एका ऑफिसात (नाव घेत नाही) एक साहेब म्हणे मशीनचं मॉडेल, नंबर सगळं दाखवा मग नोंदणी, दुसरे म्हणे नोंदणीशिवाय मशीन आणलं तर सील करू, आणि तिसऱ्या टेबलावर फाईलच सापडेना! मशीन देणगीदाराच्या गोडाऊनात पडून राहिलं, वॉरंटी तिथंच संपली, शिकवायला आलेले बाहेरचे डॉक्टर एक्सरेवर थोडं बोलून परत गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं. अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा असं नियमात आहे, पण तुमच्याकडे पोच नसेल तर मुदत मोजणार कुठून? तेव्हा दुसऱ्या कॉपीवर शिक्का, आवक नंबर, तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोंडी 'होईल हो' ला काही किंमत नाही. (मी वकील नाही, एकदा विचारून घ्या.)

आणि नर्सच्या हातात प्रोब (सोनोग्राफीत अंगावर फिरवतात तो भाग) देऊ नका. बाहेरच्या देशात देत असतील, आपल्याकडं पात्र आणि नोंदणीत नाव असलेल्या डॉक्टरनेच सोनोग्राफी करायची. स्टाफला एक्सरेच शिकवा, माझं स्पष्ट मत आहे, गरीब वस्तीतल्या पोरांचा खरा फायदा तिथंच आहे. खोकला, ताप, टीबीचा संशय, सगळ्यात आधी छातीचा फोटोच निघतो ना.

त्यात बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसांचंच सेटिंग पोरांना लावतात. बाळाची छाती १० सेंटीमीटरहून पातळ असेल तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढा, उगाच किरणांचा डोस वाढतो. डिजिटलमध्ये तर डोस जास्त दिला तरी फोटो छानच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, हे टेक्निशियनला परत परत सांगावं लागतं. कॉलिमेशन, म्हणजे किरण पडतात ती चौकट, छातीपुरतंच ठेवा, किरण सोडायची वेळ कमीत कमी, नाहीतर पोर हललं की परत फोटो आणि परत डोस. धरायला आई असेल तर आधी दिवस गेलेत का विचारा, मग लेड ॲप्रन द्या.

जाता जाता अजून एक, सोलापुरातल्या पूर्व भागातून बायका येत असतील तर तेलुगू बोलणारी एखादी मावशी एक्सरे रूममध्ये असूद्या, अक्कलकोटला कानडीवाली. पोर निम्मं तिथंच शांत होतं.

अर्जासोबतच्या कागदांची यादी माझ्याकडं आहे पण जुनी आहे, तुम्ही नवीन मागा, तीही लेखी.