सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) गवताच्या जाती जास्त असल्या तर पाचोळा लवकर कुजतो का?

अनेकदा हो, पण जातींच्या आकड्यापेक्षा त्या कोणत्या आहेत हे जास्त महत्त्वाचं. वाळल्या गवतात नायट्रोजन कमी, म्हणून बुरशी आणि जिवाणू त्यावर रेंगाळतात. जोडीला कवल्यासारखी शेंगवर्गीय वनस्पती असली की तिच्यातला नायट्रोजन बुरशीच्या तंतूंवाटे गवतापर्यंत पोचतो. टॅनिनवाली (तुरट द्रव्य असलेली) पानं मात्र उलट वेग मारतात. शिवाय दाट, मिश्र झाडोरा जमिनीलगत ओल धरतो. जर्मनीत येना इथे 2002 पासून 1 ते 60 जातींच्या वाफ्यांत असल्याच गोष्टी तपासतात.

गोव्यात हा वेग मोजायचा तर पाचोळा भरलेल्या जाळीच्या पिशव्या सड्यावर जूनमध्येच ठेवा आणि नंतर वजनातली घट बघा; ऑक्टोबरनंतर सडा सुकतो आणि कुजणं जवळपास थांबतं. 2 मिलिमीटर जाळीची नायलॉनची पिशवी, त्यात 60 अंशांवर 48 तास वाळवलेला 5 ग्रॅम पाचोळा. जातींच्या मिश्रणाबरोबर प्रत्येक जातीची वेगळी पिशवी हवीच, नाहीतर मिश्रणामुळे काय झालं ते कळणार कसं? जांभ्यात खुंटी ठोकत बसू नका, पिशव्या दगडांना बांधा; पहिल्या मोठ्या सरीत सुट्या पिशव्या वाहून जातात.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे लाल माती. ती पाचोळ्याला चिकटते, वजन वाढतं आणि काहीच कुजलं नाही असं दिसतं. नमुना 550 अंशांवर 4 तास जाळा, राख वजा करा, सुरुवातीच्या पाचोळ्याचीही तशीच, आणि मगच घट काढा. वाळवीने पोखरलेली पिशवी सरळ बाद.