‘क्रिस्प’ वाइनला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे : वाइनच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करताना ‘क्रिस्प व्हाइट वाइन’साठी ‘कुरकुरीत’ लिहिलं तर चालेल का? नाहीतर सरळ ‘आंबट’ म्हणावं का?

‘कुरकुरीत’ नको. तो दाताखालचा शब्द आहे, त्यात आवाज आहे. पेयाला दात लागतच नाहीत. इंग्रजीतला ‘क्रिस्प’ बिस्किटालाही लागतो, नव्या नोटेलाही आणि मोजक्या उत्तरालाही. मराठीत बिस्किट कुरकुरीत, नोट कोरी करकरीत आणि उत्तर नेमकं. तेव्हा शब्दाला शब्द शोधण्याआधी जिभेवर काय होतं ते पाहू.

गार सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा एक घोट तोंडात धरा आणि गिळा. क्षणभरात जबड्याच्या मागच्या बाजूने लाळ सुटते. हिरवं सफरचंद चावल्यावर सुटते तशीच, आणि ते साम्य वरवरचं नाही. हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल द्राक्षातही असतं, त्याच्या जोडीला टार्टारिक. उन्हाच्या तडाख्यात द्राक्ष पिकलं की मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं; थंड हवेत ते टिकतं. म्हणून फ्रान्समधल्या सॉन्सेर किंवा शाब्लीसारख्या थंड भागांतल्या वाइन या चवीसाठी ओळखल्या जातात. याच मॅलिक आम्लाचं जिवाणूंकरवी सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ दिलं की वाइन मऊ होते, कधी लोण्याच्या वासाची. ती चांगली असली तरी तिला सहसा क्रिस्प म्हणत नाहीत.

म्हणजे हा आंबटपणाच. मग ‘आंबट’ का नाही? मला इथेच खरी अडचण वाटते. मराठीत ‘आंबट’ आणि ‘आंबणे’ एकाच कुळातले. पीठ आंबतं ते हवंसं, पण उरलेलं अन्न ‘आंबलं’ म्हणजे गेलं. वाइन हे मुळात आंबवलेलं पेय, त्यामुळे ‘आंबट वाइन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बाटली बिघडल्यासारखं वाटतं. फ्रेंचांचंही तसंच आहे : ‘व्हिनेगर’ हा शब्द तिकडच्या ज्या दोन शब्दांतून आला, त्यांचा अर्थ अगदी ‘आंबट वाइन’ असाच! ‘आंबूस’ तर आणखी वाईट, त्याला शिळेपणाचा वास आहे. क्रिस्प वाइनचा आंबटपणा मात्र फळाचा, द्राक्षात आधीपासून असलेला.

माझी पसंती ‘तरतरीत’ला. मरगळ जाऊन तरतरी येते, तो परिणाम या शब्दात आहे, आणि त्याला नासण्याचा वास नाही. आंबटपणा स्पष्ट सांगायचा असेल तर ‘फळाच्या आंबटपणाने तरतरीत’ म्हणा. ‘टवटवीत’ जवळ येतो, पण तो डोळ्यांचा शब्द आहे, फुलांचा आणि चेहऱ्यांचा. ‘कोरडी’ हा शब्द इथे वापरू नका. तो साखर जवळजवळ न उरलेल्या वाइनसाठी राखून ठेवलेला बरा. तरतरीत वाइन बहुधा कोरडी असते, पण दोन्ही गुण वेगळे.

त्याच प्रश्नात ‘पेअरिंग’ही आहे, म्हणजे कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन घ्यायची ते जुळवणं. ‘जोडी’ चालेल, पण मला ‘संगत’ अधिक आवडतो, कारण गायक-वादकांच्या संगतीसारखं इथे दोघं एकमेकांना सांभाळतात. तरतरीत वाइन पानातल्या लिंबाच्या फोडीचं काम करते : तळलेल्या मासळीचा तेलकटपणा कापते, कालवांचा खारेपणा उजळते, बकरीच्या दुधाच्या चीजचा दाटपणा हलका करते. उलट गोड पदार्थासोबत ती बोचरी लागते, आणि व्हिनेगर घातलेल्या सॅलडपुढे पाणचट. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की संगत मोडते. रोजच्या बोलण्यात तर ‘कशाबरोबर छान लागते’ एवढं पुरे, त्याला नामाची गरजच नाही.

माहितीपत्रकात मी असं लिहीन : ‘हिरव्या सफरचंदाची आठवण देणारी, तरतरीत, कोरडी पांढरी वाइन. ८ ते १० अंश सेल्सिअसला गार करून घ्या. कालवं, तळलेली मासळी आणि बकरीच्या दुधाचं चीज यांच्याबरोबर छान लागते.’