स्टोलवरची माशी आणि टॅगवरचा शब्द

चि. हिला अनेक आशीर्वाद.

तुझी वही नीट पाहिली. कोकणात मधमाश्या पाळायच्या, त्यांच्या मेणाने बाटिकचे (कापडावर मेण लावून, तेवढा भाग झाकून रंगवलेले) स्टोल करून विकायचे आणि त्यातून वसतिगृहातल्या मुलींना मदत करायची, हा तुझा बेत कळला. नमुने सुरेख आहेत, पण स्टोलवरची माशी बदल. तू काढली आहेस ती गुबगुबीत, केसाळ बंबलबी. आपल्या देशात ती हिमालयाच्या अंगाने दिसते, कोकणात नाही. तुला पाळायची आहे ती सातेरी, आपली देशी मधमाशी. अंगाने बारीक, काळसर, पोटावर फिकट पट्टे. आणि पोळ्याचे षटकोन तर आता साबणाच्या वेष्टनावरही असतात! त्यापेक्षा सातेरीच्या पोळ्यात नरांची घरं बघ. त्यांच्या उंचवटलेल्या झाकणावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. विलायती माशीच्या पोळ्यात ते सापडत नाही. त्या टिंबांच्या ओळी कापडावर काय दिसतील, तूच ठरव.

आता पेट्यांचं. पावसाळ्याच्या तोंडावर माश्यांची वसाहत विकत घेऊ नकोस. जुलै-ऑगस्टात धारा लागल्या की माशीला बाहेर पडता येत नाही, फुलोराही नसतो. संध्याकाळी साखरेचा पाक ठेवावा लागतो. वसाहत अशक्त झाली की मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी, शिरतो, पोळ्यात जाळी धरतो आणि सातेरी सरळ घर सोडून जाते. रागावून उपयोग नाही, तिचा स्वभावच तो. दसऱ्यानंतर सुरुवात केलीस तर पुढे आंबा, काजू, करवंद, जांभूळ असं ओळीने मिळत जातं. माड-पोफळीचा पराग आगरात असतोच. दोन पेट्या पुरेत. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, नाहीतर मुंग्या आधी पोचतील. त्याआधी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाची चौकशी कर.

कोकणात खरी भीती मला फवारणीची वाटते. मोहरावर तुडतुडे आले की बागायतदार पंप बाहेर काढतो, काजूवर ढेकण्या किडा दिसला की तसंच. त्याचंही पोट त्यावर आहे, तेव्हा भांडायला जाऊ नकोस. मोहर फुटण्याआधीच शेजारच्या बागांत जाऊन बस, चहा घे, फवारायच्या आदल्या दिवशी फोन करायला सांग. निरोप आला की अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत आल्यावर, दाराला जाळी लाव. पेटीला हवा मात्र लागते, उन्हात कोंडलीस तर आतल्या आत मरतील. फवारणी दोन-तीन दिवस चालणार असेल तर पेट्या रात्रीच लांब, दुसऱ्या वाडीत हलवाव्यात.

टॅगवर तू लिहिलं आहेस, ‘आमच्याच पेट्यांतल्या मेणाचं बाटिक’. दोन पेट्यांत ते होणार नाही. मध काढताना आपण सुरीने वरची झाकणं तासतो, पोळ्याची चौकट मध काढायच्या यंत्रात फिरवतो आणि पोळं माशीला परत देतो. एक किलो मेण करायला तिला सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असा हिशेब सांगतात, मग पोळं मोडून कसं चालेल? तुझ्या हाती उरतील ती झाकणं आणि बाद झालेली काळी पोळी. स्टीलच्या पातेल्यात पाण्याबरोबर वितळव, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळ. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मेणाचा रंग बिघडतो. वडी निघेल मुठीत मावेल एवढी. बाकीचं मेण विकत घे आणि टॅगवर तसंच लिही.

नुसत्या मधमाशीच्या मेणाने भेगा फारशा पडत नाहीत, ते लवचिक असतं. भेगांत रंग शिरून उमटणारी बाटिकची जाळी हवी तर पॅराफिन मिसळ. मेण थेट आचेवर ठेवू नकोस, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळव. साधारण 62 अंशांपुढे मेण पातळ होतं, म्हणून रंग गारच लागतो. नीळ चालेल. फणसाच्या भुशाचा पिवळा रंग मला फार आवडतो. तो आधी उकळून काढ आणि पूर्ण निवल्यावरच कापड बुडव.

आणि देणगी. ‘नफ्यातील काही भाग वसतिगृहातील मुलींसाठी’ हे वाक्य खोड. काही म्हणजे किती? पहिल्या वर्षी नफा झालाच नाही तर मुलींना काय देशील? प्रत्येक स्टोलमागे ठरलेली रक्कम छाप, भले ती पन्नास रुपये असो. तुझी मजुरी, कापड, रंग, मेण आणि ही रक्कम धरूनच किंमत लाव. स्वतःची मजुरी वगळून दानधर्म करणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचं दुकान दिसत नाही. वसतिगृह चालवणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, ते विचार. पैसे बँकेतून दे, पावती घे. स्टोल घेणाऱ्याला करसवलत मिळेल असं मात्र चुकूनही सांगू नकोस. त्याने खरेदी केली आहे, देणगी तू देतेस.

मध विकायचा बेत सध्या बाजूला ठेव. त्याला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि पहिल्या वर्षाचा मध घरातच संपतो.

दसऱ्यानंतर ये, माझी पेटी उघडून दाखवते. सकाळी, ऊन चढायच्या आत. फिक्या रंगाचे कपडे घाल, केसांना गजरा नको आणि अत्तर तर मुळीच नको.

तुझी,
मावशी