अभिजात इंग्रजी साहित्यात ‘बेट’ (bait) या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी ‘आमिष’ असाच घ्यावा का?

नाही, आणि जे तसे शिकवतात ते चुकीचे शिकवतात. शेक्सपिअर व मिल्टन वाचताना सर्वत्र ‘आमिष’ लिहून चालेल का, असे आपण विचारले आहे. याच शब्दावरून एम. ए.ला असताना माझे गुण कापले गेले होते.

मिल्टनचे ‘सॅमसन अ‍ॅगनिस्टीस’ (१६७१) हे नाट्यकाव्य आम्हाला अभ्यासाला होते. त्यात आंधळ्या सॅमसनचा वृद्ध पिता मनोआ मुलाच्या खबरीची वाट पाहत असताना कोरस, म्हणजे नाटकातला भाष्य करणारा समूह, त्याला म्हणतो की, वाईट बातमी टपालाच्या घोड्यावरून दौडत येते आणि चांगली बातमी मात्र ‘बेट’ करते. मी उत्तरपत्रिकेत लिहिले, ‘चांगली बातमी वाटेत थांबून घोड्याला चारा घालत बसते.’ प्राध्यापकांनी त्यावर तांबडी रेघ ओढून समासात ‘आमिष दाखवते’ असे लिहिले, आणि मी कोश घेऊन गेलो तेव्हा तो उघडलासुद्धा नाही. माझे आजोबा बाजाराला जाताना भर दुपारी चिंचेखाली गाडी सोडत, बैलांच्या मानेवरचे जू उतरवून त्यांच्यापुढे वैरण टाकत आणि मगच स्वतःची भाकरी सोडत. प्रवासातल्या अशाच थांब्याला पूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता. बातमीला उशीर का होतो, हे त्या ओळीत सांगायचे आहे. तिथे आमिषाचा संबंधच काय?

या शब्दाचे मूळ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत असून त्याचा अर्थ ‘चावायला लावणे’ असा आहे. मासा गळाला चावतो, घोडा चारा चावतो आणि खांबाला बांधलेल्या अस्वलाला कुत्री चावतात. लंडनमध्ये शेक्सपिअरच्या नाटकगृहाजवळच अस्वलांचा हा खेळ चाले, म्हणून शरण जाऊन जमावाच्या शिव्याशापांनी ‘बेट’ होणार नाही असे मॅकबेथ म्हणतो, तेव्हा तिथे ‘चहूकडून लचके तोडणे’ हाच भाव आणावा लागतो.

‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस खोट्याचे आमिष लावून सत्याचा मासा पकडायला सांगतो आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये कर्जदार अँटोनियोचे मांस कशाला हवे असे विचारल्यावर सावकार शायलॉक ‘मासे पकडायला’ म्हणतो, तिथे ‘आमिष’ अगदी चपखल बसते. किंबहुना बहुतेक ठिकाणी तोच अर्थ निघेल, हे मला मान्य केले पाहिजे. तरीही ओळीत घोडा, प्रवास किंवा मुक्काम दिसला तर आधी कोश उघडा, आणि कोणी उत्तर कापलेच तर त्या उताऱ्यातला टपालाचा घोडा कुठे गेला, एवढे त्यांना अवश्य विचारा.