आब्राहामाच्या गावातून

ताई, दोन्ही मुलांना घेऊन ठाण्याहून अलियाला, म्हणजे ज्यू म्हणून कायमचं इस्राएलला राहायला, निघायचं ठरतंय, सासरे म्हणतात ‘आब्राहामासारखा भरवसा ठेवा, बाकी सगळं होतं’, तर तिथे राहणाऱ्या कुणीतरी खरं काय ते सांगावं, असं तुम्ही विचारलंत. मी २००९पासून इस्राएलमध्ये बेर शेवात आहे. पैसे किती मिळतात, उल्पान (हिब्रूचा वर्ग) किती महिन्यांचा, हे ज्यू एजन्सीची माणसं सांगतीलच. पण सासऱ्यांचं ते वाक्य वाचलं आणि मला रात्री झोप लागली नाही. निघताना आम्हालाही हेच सांगितलं होतं. सिनेगॉगमध्ये (माझी आजी शेवटपर्यंत मशीदच म्हणायची) मलिद्याचं ताट मांडलेलं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: आपला देश, आपलं गोत, आपल्या बापाचं घर सोडून आब्राहाम निघालाच ना?

निघाला. पण तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि पदरी मूल नव्हतं. शाळेचा प्रश्नच नव्हता.

आमचा मुलगा १० वर्षांचा होता.

आब्राहाम कनानात पोचतो न पोचतो तोच दुष्काळ पडला आणि त्याला मिसरात जावं लागलं. तिथे जिवाच्या भीतीने त्याने बायकोला, साराला सांगितलं, तू माझी बहीण आहेस असं म्हण. पुढे गरारमध्ये पुन्हा तेच. आणि मोठा झाल्यावर त्याच गरारमध्ये त्याच्या मुलाने, इसहाकनेही बायकोला, रिबकेला बहीण म्हणून सांगितलं. हे सासऱ्यांना वाचून दाखवा. बापाचा भरवसा मुलात आला की नाही देव जाणे, बापाची भीती मात्र जशीच्या तशी आली.

माझं सांगते. हे मुंबईत हिशेबनीस होते, इथे पहिली दोन वर्षं एका कारखान्यात रात्रपाळीला खोकी भरायचे. मी आईला फोनवर सांगायची, ऑफिसात लागलेत, एसी आहे, सगळं छान. मुलगा तिथेच बसून गृहपाठ करत असायचा. मग शाळेत पालकांची भेट होती. मला हिब्रू येत नव्हतं, म्हणून बाई बोलायच्या आणि तोच मला मराठीत सांगायचा. ‘म्हणतात, छान चाललंय.’ मी दाखवतील तिथे सही केली, घरी येऊन शिरा केला. दोन महिन्यांनी शेजारणीने तो कागद वाचून दाखवला. भाषेत कच्चा म्हणून त्याला गणितातही खालच्या गटात घातलं होतं, आणि त्याला माझी संमती होती! ठाण्यात गणितात ९८ मार्क आणणारा मुलगा. शाळेवरचा राग अजून गेलेला नाही. तो कागद अजून कपाटात आहे, का ठेवलाय विचारू नका. मुलाला मात्र रागावता आलं नाही. ‘सगळं छान’ हे वाक्य त्याने कुणाचं ऐकलं होतं?

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्या आडनावात ‘कर’ असतं. मराठीत क एक, हिब्रूत काफ आणि कोफ असे दोन. आमच्या एका कारकुनाने ह्यांच्या नावात कोफ घातला, मुलाच्या नावात काफ. झालं, कागदोपत्री बाप आणि मुलगा दोन वेगळ्या घराण्यांतले. तीन वर्षं खेटे घातले. त्या रांगांमध्ये मला आब्राहामाचा मखपेलाचा अध्याय फार जवळचा वाटायला लागला. सारा वारली, तो हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणाला, मी तुमच्यात उपरा आहे, मला पुरायला जागा द्या. एफ्रोन आधी म्हणतो फुकट घे, मग म्हणतो ४०० शेकेल चांदी, तुझ्यामाझ्यात ती काय मोठी गोष्ट! (घोडबंदर रोडचे बिल्डर आठवले.) आब्राहामाने घासाघीस न करता, वेशीवर साक्षीदारांसमोर चांदी तोलून दिली. देवाने सगळा देश देऊ केलेला, आणि खरेदीखत करून घेतलेली जमीन ती बायकोच्या थडग्याची.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर लोटाची गोष्ट लक्षात ठेवा. गुराख्यांची भांडणं सुरू झाल्यावर आब्राहाम पुतण्याला म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो, आधी तू निवड. आम्ही दिरांकडे आठ महिने राहिलो. तीन पुरे होते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. १९५२मध्ये आपली, म्हणजे बेने इस्राएल या मराठी ज्यूंची, काही कुटुंबं इथून भांडून परत मुंबईला गेली होती, आणि त्यातली बरीच पुन्हा इकडेच आली. यावरून काय ते समजा.

राहिलं मोरियाचं, जिथे देवाने आब्राहामाला इसहाकचा बळी द्यायला सांगितलं आणि शेवटी त्याला वाचवलं. आब्राहाम पहाटे उठला, गाढवावर खोगीर घातलं. निघताना तो इसहाकशी काय बोलला ते लिहिलेलं नाही. आमचा मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर आम्हीही पहाटेच निघालो, सैन्यभरतीच्या बसपर्यंत. मी डबा दिला. मी त्याला या देशात आणलं होतं, आणि यायचं का असं एकदाही विचारलं नव्हतं, हे मला त्या बसपाशी आठवलं. इसहाकने निदान वाटेत विचारलं होतं, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे? याने काहीच विचारलं नाही. देवाच्या दयेने सुखरूप परत आला. आता हैफाला असतो.

मोरियाहून आब्राहाम बेर शेवाला परत आला असं तोरात, आपल्या धर्मग्रंथात आहे. माझ्याच गावाला. त्या ओळीत इसहाकचं नाव नाही. आणि त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलल्याचंही कुठे लिहिलेलं नाही.

आमचं तसं नाही हो. शुक्रवारी दुपारी, शब्बाथचा विसावा लागायच्या आधी, त्याचा फोन येतो. तो हिब्रूत बोलतो, मी मराठीत. कसा आहेस विचारलं की म्हणतो, ‘हाकोल बेसेदेर’, म्हणजे सगळं ठीक.

तुमचा धाकटा १२ वर्षांचा आहे म्हणालात. फॉर्म भरायला बसाल तेव्हा त्याला शेजारी बसवा, आणि आडनावात काफ हवा की कोफ, ते त्यालाच ठरवू द्या.